विश्लेषण : होनोलुलू ते ग्वाम… अंतर तेच, मग प्रवास कधी आठ तासांचा आणि कधी सोळा तासांचा का?

मोबाइलवर दोन विमानतळांची नावे टाकली की त्यांच्यातले अंतर आणि प्रवासाचा वेळ क्षणात समोर येतो. हवाई बेटांवरील होनोलुलू आणि पश्चिम प्रशांत महासागरातील ग्वाम यांची नावे टाकली तर उत्तर येते, सुमारे ६,१०० किलोमीटर आणि पावणेआठ ते आठ तास. प्रत्यक्षात याच दोन विमानतळांदरम्यान युनायटेड एअरलाइन्सचेच दुसरे एक विमान पंधरा-सोळा तास घेते. ग्वामहून सकाळी निघालेला प्रवासी होनोलुलूला आदल्या दिवशी संध्याकाळी उतरतो. जाण्याचा आणि येण्याचा वेळही सारखा नसतो. शिवाय वाटेत जवळपास सगळे पाणीच असल्याने, वर बिघाड झाला तर उतरायचे कुठे, हे विमान जमिनीवर असतानाच ठरवावे लागते. दूरच्या दोन बेटांमधील हे गणित नेमके कसे मांडले जाते?

हे अंतर मोजतात कसे?

होनोलुलू ही अमेरिकेच्या हवाई राज्याची राजधानी आहे, तर ग्वाम हा अमेरिकेच्याच ताब्यातील प्रदेश. शाळेतल्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात होनोलुलू अगदी डाव्या टोकाला आणि ग्वाम अगदी उजव्या टोकाला दिसते. त्यामुळे दोन्हींमध्ये अख्खे जग असल्याचा भास होतो. मात्र पृथ्वी गोल आहे आणि नकाशाच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या आहेत. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये रबर बँड ताणून धरला तर तो जी वाट धरतो, तीच सर्वात जवळची वाट. विमानवाहतुकीत तिला ‘ग्रेट सर्कल’ मार्ग म्हणतात.

होनोलुलू विमानतळ २१.३ अंश उत्तर अक्षांश आणि १५७.९ अंश पश्चिम रेखांशावर आहे. ग्वाम १३.५ अंश उत्तर आणि १४४.८ अंश पूर्व रेखांशावर. प्रशांत महासागराच्या बाजूने मोजले तर दोन्हींच्या रेखांशांत सुमारे ५७ अंशांचा फरक पडतो. हे आकडे गोलावरील त्रिकोणमितीच्या सूत्रात घातले की पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन येतो सुमारे ५५ अंश. पृष्ठभागावर एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. त्यामुळे अंतर येते सुमारे ६,१०० किलोमीटर. वैमानिक ते सागरी मैलांत मोजतात. एका अंशाचे ६० सागरी मैल धरले तर ते सुमारे ३,३०० होतात. तुलनाच करायची तर मुंबई ते दिल्ली या हवाई अंतराच्या हे पाचपटीहून जास्त आहे.

मग जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, असे का?

विमानाचा वेग दोन प्रकारे मोजला जातो. एक, भोवतालच्या हवेच्या तुलनेत आणि दुसरा, जमिनीच्या तुलनेत. प्रवास किती वेळात होणार हे दुसऱ्या वेगावर ठरते. नदीत होडी प्रवाहाबरोबर जाते तेव्हा तेवढेच वल्हवून लवकर पोहोचते, उलट येताना दमछाक होते. हवेतही तसेच घडते. प्रवासी विमाने ज्या दहा-बारा किलोमीटर उंचीवरून उडतात, तिथे या पट्ट्यात वारे बरेचदा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात हवाईच्या आसपास ते अधिक जोरदार होतात.

समजा, विमानाचा हवेतला वेग ताशी ८४० किलोमीटर आहे आणि समोरून ताशी ६० किलोमीटरचा वारा आहे. मग जमिनीच्या तुलनेत वेग उरतो ७८०. तोच वारा पाठीशी असेल तर वेग होतो ९००. सहा हजार किलोमीटरच्या प्रवासात या फरकाने सुमारे एक तास कमी-जास्त होतो. म्हणूनच थेट विमानाला पश्चिमेकडे ग्वामला जाताना साधारण पावणेआठ ते आठ तास, तर परत येताना सात-सव्वासात तास लागतात.

यात आणखी एक बाब असते. संकेतस्थळे बहुधा केवळ अंतर भागिले सरासरी वेग एवढेच गणित करून ‘उड्डाणाचा वेळ’ दाखवतात. तिकिटावरच्या वेळेत मात्र विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा सगळा काळ धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर पुन्हा चालत येणे हे सगळे त्यात येते.

आदल्या दिवशी पोहोचणे कसे शक्य होते?

होनोलुलूचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या १० तास मागे, तर ग्वामचे १० तास पुढे आहे. दोन्हींत तब्बल २० तासांचा फरक. कारण दोन्हींच्या मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. ‘अमेरिकेचा दिवस जिथे सुरू होतो’ ही ग्वामची ओळख त्यातूनच आली.

उदाहरणाने पाहू. समजा, होनोलुलूहून सोमवारी दुपारी २ वाजता विमान निघाले आणि ८ तास उडाले. होनोलुलूच्या घड्याळात रात्रीचे १० वाजलेले असतील, पण त्यात २० तास मिळवले की ग्वाममध्ये मंगळवारची संध्याकाळ, ६ वाजलेले. आता उलट. ग्वामहून मंगळवारी सकाळी ७ वाजता निघून ७ तास उडाले तर ग्वामच्या घड्याळात दुपारचे २ वाजतील. त्यातून २० तास वजा केले की होनोलुलूत सोमवारची संध्याकाळ, ६ वाजलेले. म्हणजे प्रवासी निघाल्याच्या वेळेच्या १३ तास आधी पोहोचला, निदान कॅलेंडरनुसार तरी.

या रेषेशी जुळवून घेताना बेटांनी दिवसही बदलले आहेत. मार्शल बेटांमधील क्वाजालीन येथे अमेरिकी लष्कराचा तळ आहे. तिथे पूर्वी अमेरिकेकडील तारीख पाळली जात असे, तर उर्वरित मार्शल बेटांवर पुढची. १९९३ मध्ये हा घोळ संपवण्यासाठी क्वाजालीनने २१ ऑगस्ट हा शनिवार कॅलेंडरमधून थेट वगळला. तिथले लोक शुक्रवारी रात्री झोपले आणि रविवारी उठले.

‘आयलंड हॉपर’ म्हणजे काय?

सोळा तास घेणारे विमान ते हेच. ‘आयलंड हॉपर’ म्हणजे बेटांवरून उड्या मारत जाणारे. होनोलुलूहून निघून ते मार्शल बेटांची राजधानी माजुरो, मग क्वाजालीन, त्यानंतर मायक्रोनेशियातील कोसराय, पोनपेई आणि चूक असे थांबे घेत ग्वामला पोहोचते. पहिला टप्पा सर्वात मोठा, सुमारे ३,७०० किलोमीटरचा. त्यानंतर माजुरो-क्वाजालीन सुमारे ४३० किलोमीटर, क्वाजालीन-कोसराय ६५०, कोसराय-पोनपेई ५५०, पोनपेई-चूक ७०० आणि शेवटचा चूक-ग्वाम सुमारे १,००० किलोमीटर. एकूण अंतर होते सुमारे ७,००० किलोमीटर.

म्हणजे थेट मार्गापेक्षा जेमतेम ९०० किलोमीटर जास्त. तरीही वेळ दुप्पट लागतो. कारण प्रत्येक थांब्यावर उतरणे, प्रवासी आणि सामान चढवणे-उतरवणे, इंधन भरणे आणि पुन्हा उंची गाठणे यात वेळ जातो. असे पाच थांबे. एसटीच्या साध्या गाडीला थेट गाडीपेक्षा जास्त वेळ का लागतो, त्याचे जे उत्तर तेच इथेही.

या मार्गावर बोइंग ७३७ जातीचे विमान वापरले जाते. विमानात वैमानिकांची जादा तुकडी असते आणि एक तंत्रज्ञ सुटे भाग घेऊन प्रवास करतो. वाटेत टायर बदलायची वेळ आली तर छोट्या बेटावर ना भाग मिळेल ना माणूस. काही बेटांवरील धावपट्ट्या जेमतेम १,८०० मीटरच्या आसपास आहेत. मुंबईची मुख्य धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. क्वाजालीनला तर लष्करी परवानगीशिवाय विमानातून खालीही उतरता येत नाही.

बेटांवर थांबत प्रशांत महासागर ओलांडण्याची पद्धत जुनी आहे. पॅन अॅम कंपनीची ‘चायना क्लिपर’ ही उडती बोट २२ नोव्हेंबर १९३५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून टपाल घेऊन निघाली आणि होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम असे थांबे घेत २९ नोव्हेंबरला मनिलाला पोहोचली. आजच्या मार्गाची सुरुवात मात्र १९६८ मध्ये ‘एअर मायक्रोनेशिया’ या कंपनीने केली.

समुद्रावर इंजिन बंद पडले तर?

दूरच्या बेटांकडे जाणाऱ्या विमानाचा मार्ग बऱ्याच अंशी या प्रश्नावर ठरतो. अमेरिकेत १९५३ पासून नियम होता की दोन इंजिनांच्या विमानाने वाटेत उतरण्याजोग्या विमानतळापासून ६० मिनिटांपेक्षा जास्त दूर जाऊ नये. एक इंजिन बंद पडले तरी उरलेल्या इंजिनावर तासाभरात जमीन गाठता यावी, हा हेतू. पिस्टन इंजिने वरचेवर दगा देत, त्या काळात तो योग्यच होता.

जेट इंजिने अधिक भरवशाची झाली, तसा नियम सैल झाला. १९८५ मध्ये मर्यादा १२० मिनिटे झाली, तर १९८८ मध्ये १८० मिनिटे. या व्यवस्थेला ‘एटॉप्स’ म्हणतात. विमान, इंजिन, देखभाल आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण या सगळ्यांची तपासणी करून ही परवानगी मिळते. एअरबसच्या ए३५० विमानाला २०१४ मध्ये युरोपीय नियामकाने ३७० मिनिटांपर्यंतची मुभा दिली.

हे केवळ कागदावरचे आकडे नाहीत. १७ मार्च २००३ रोजी ऑकलंडहून लॉस एंजेलिसला निघालेल्या युनायटेडच्या बोइंग ७७७ विमानाचे एक इंजिन दक्षिण प्रशांत महासागरावर बंद करावे लागले. विमान उरलेल्या एका इंजिनावर १७७ मिनिटे उडत राहिले आणि हवाईतील कोना येथे सुखरूप उतरले. १८० मिनिटांच्या मर्यादेला अवघी तीन मिनिटे कमी होती.

म्हणूनच या महासागरातील मिडवे आणि वेक यांसारख्या जवळपास निर्मनुष्य बेटांवरील धावपट्ट्यांना महत्त्व आहे. जून २०११ मध्ये होनोलुलूहून ओसाकाला निघालेले डेल्टाचे बोइंग ७४७ समोरच्या काचेला तडा गेल्याने मिडवेवर उतरले होते. याउलट होनोलुलू-माजुरो मार्गावरील जॉन्स्टन बेटावर पूर्वी आयलंड हॉपर थांबत असे. तिथला लष्करी तळ बंद झाल्यावर धावपट्टीही बंद झाली. त्यामुळे हा टप्पा आता मधल्या आधाराविना पार करावा लागतो.

पुढे जायचे की मागे, हे कसे ठरते?

यासाठी वैमानिकांकडे ‘समान वेळेचा बिंदू’ काढलेला असतो. मार्गावरील ज्या जागेपासून पुढे जायला आणि मागे यायला सारखाच वेळ लागेल, ती जागा. वारा नसेल तर ती बरोबर मध्यावर असते. वारा असेल तर सरकते.

होनोलुलू-माजुरो हा ३,७०० किलोमीटरचा टप्पा घेऊ. समोरून ताशी ६० किलोमीटरचा वारा असल्याने पुढे जाण्याचा वेग ७८० आणि मागे फिरल्यास ९००. गणित सोपे आहे. एकूण अंतराला मागे येण्याच्या वेगाने गुणायचे आणि दोन्ही वेगांच्या बेरजेने भागायचे. उत्तर येते सुमारे १,९८० किलोमीटर. म्हणजे मध्यबिंदू १,८५० किलोमीटरवर असला तरी त्यापुढे आणखी १३० किलोमीटरपर्यंत मागे फिरणेच फायद्याचे. प्रत्यक्षात एक इंजिन बंद असतानाचा कमी वेग आणि खालच्या उंचीवरचे वारे धरून हे गणित मांडतात, पण तत्त्व हेच.

१६ ऑक्टोबर १९५६ ची घटना या बिंदूचे महत्त्व दाखवते. होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे पॅन अॅमचे चार इंजिनांचे विमान हा बिंदू नुकताच ओलांडून गेले होते. तेवढ्यात एका इंजिनाचा पंखा अनियंत्रित झाला आणि पाठोपाठ दुसरे इंजिनही निकामी झाले. उरलेल्या इंधनात ना पुढचा किनारा गाठता येत होता, ना मागचा. वैमानिकांनी जवळच तैनात असलेल्या अमेरिकी तटरक्षक दलाच्या ‘पॉन्चरट्रेन’ या जहाजाभोवती उजाडेपर्यंत घिरट्या घातल्या आणि मग विमान पाण्यावर उतरवले. विमानातील सर्व ३१ जण वाचले.

बेटापर्यंत पोहोचूनही उतरता आले नाही तर?

एरवी प्रत्येक विमान पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याइतके जादा इंधन घेऊन निघते. मुंबईत उतरता आले नाही तर अहमदाबाद आहे, गोवा आहे. एकाकी बेटाजवळ मात्र पर्यायच नसतो. चिलीच्या ताब्यातील ईस्टर बेट हे त्याचे ठळक उदाहरण. सँटियागोपासून ते सुमारे ३,७६० किलोमीटरवर आहे आणि दुसऱ्या दिशेला मांगारेव्हा बेटाचा विमानतळ सुमारे २,६०० किलोमीटरवर. अशा विमानतळांसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत वेगळी तरतूद आहे. जेट विमानाने तिथे पोहोचल्यावरही सुमारे दोन तास उडता येईल एवढे इंधन बाळगावे लागते. ढग सरेपर्यंत किंवा धावपट्टी मोकळी होईपर्यंत थांबता यावे म्हणून. मार्गात एक ‘परत न फिरण्याचा बिंदू’ही ठरलेला असतो. तो ओलांडण्यापूर्वी बेटावरचे हवामान ठीक असल्याची खात्री करावी लागते.

जादा इंधन म्हणजे जादा वजन आणि जादा वजन म्हणजे कमी प्रवासी किंवा कमी माल. बेटांवरचा विमानप्रवास महाग असण्याचे हे एक कारण आहे.

छोट्या धावपट्टीवर उतरताना चुकीला फारशी जागा नसते. २८ सप्टेंबर २०१८ रोजी एअर न्यूगिनीचे बोइंग ७३७ विमान चूक विमानतळावर उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच समुद्रात पडले. विमानात ४७ जण होते. स्थानिक रहिवाशांनी आपल्या छोट्या होड्या घेऊन धाव घेतली आणि बहुतेकांना बाहेर काढले. एका प्रवाशाचा मृत्यू झाला. यंत्रणेने वारंवार दिलेल्या इशाऱ्यांकडे वैमानिकांचे दुर्लक्ष झाल्याचे चौकशीतून पुढे आले.

या बेटांवरील लोकांसाठी हे विमान किती महत्त्वाचे?

पर्यटकांसाठी आयलंड हॉपर हा हौसेचा प्रवास असला तरी बेटांवरच्या लोकांसाठी तो रस्ता आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार मार्शल बेटांची लोकसंख्या सुमारे ४२ हजार आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला बेटाबाहेर न्यावे लागते. टपाल, औषधे आणि ताजा माल याच विमानातून येतो. करारानुसार मार्शल बेटे आणि मायक्रोनेशियाच्या नागरिकांना व्हिसाविना अमेरिकेत राहता आणि काम करता येते. त्यामुळे अनेकांची मुले, भावंडे होनोलुलू किंवा ग्वाममध्ये असतात.

विमान थांबले की काय होते, हे करोनाकाळात दिसले. २०२० मध्ये बंद केलेल्या सीमा मायक्रोनेशियाने ऑगस्ट २०२२ मध्ये खुल्या केल्या. तोवर मोजकी खास विमाने सोडली तर बाहेर अडकलेल्यांना घरी परतण्याचा मार्ग नव्हता.

भारतातील बेटांचे काय?

आपल्याकडे अंतरे लहान असली तरी गणित तेच आहे. श्रीविजयपुरम म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरचा वीर सावरकर विमानतळ चेन्नईपासून सुमारे १,३७० किलोमीटरवर आहे. तिथे हवामान बिघडले तर विमानाला मुख्य भूमीवर परत फिरावे लागू शकते, म्हणून तेवढ्या इंधनाची सोय निघतानाच करावी लागते. लक्षद्वीपमधील अगत्ती येथील धावपट्टी सुमारे १,२०० मीटरचीच असल्याने तिथे मोठी जेट विमाने उतरत नाहीत. कोचीहून पंख्याची छोटी एटीआर विमाने जातात. वेळेच्या बाबतीत मात्र आपण निश्चिंत आहोत. अंदमानात सूर्य मुंबईच्या कितीतरी आधी उगवत असला तरी घड्याळ एकच आहे.

तिकीट काढताना काय पाहावे?

दूरच्या बेटांचे तिकीट काढताना चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ यांतला फरक. वाटेत पाच थांबे घेणारे विमान एकाच क्रमांकाचे असेल तर तेही ‘डायरेक्ट’च ठरते. दुसरी, तिकिटावरील सर्व वेळा स्थानिक असतात. त्यामुळे वेळेबरोबर तारीखही पाहावी, विशेषतः पुढचे विमान किंवा हॉटेल आरक्षित करताना. तिसरी, छोट्या बेटांवर रोज विमान नसते. एक चुकले तर पुढच्यासाठी काही दिवस थांबावे लागू शकते, तेव्हा जोडविमानांमध्ये भरपूर अंतर ठेवावे. चौथी, ग्वाम किंवा होनोलुलूमार्गे जाणाऱ्या भारतीय पारपत्रधारकांना अमेरिकेचा व्हिसा लागतो. ग्वामसाठी काही देशांच्या नागरिकांना असलेली व्हिसामाफी भारतीयांना लागू नाही.